चौसष्ट घरे : दहावा डाव

दिवाळी अंकाच्या सदरात मी वाचकांना एक विनंती केली होती. जिंकलेले डाव सगळेच पाठवतात. ह्या खेपेस हरलेले पाठवा, असे मी लिहिले होते. त्या विनंतीला उत्तर म्हणून जी पाकिटे आली, त्यांतील एक विशेष जाड होते. वरचा पत्ता शाईच्या पेनाने, वळणदार मोडी वळणाच्या देवनागरीत लिहिलेला. आत एका आजोबांचे चार पानी पत्र आणि त्यांच्या नातीचे दहा डाव. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. का, ते पुढे आपल्या ध्यानात येईल. घर आपल्यापैकीच एक, तीन पिढ्या महाराष्ट्राबाहेर काढलेले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पत्राचा सारांश असा. नात चौदा वर्षांची, नववीत शिकते. चार वर्षांपूर्वी आजोबांनीच तिला पट मांडून मोहरे ओळखायला शिकवले. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर हा किताबही मिळवला, तेव्हापासून मुलीला दुसरे काही सुचत नाही. घरात बरोबरीचे कोणी नाही, गावात बुद्धिबळाचे मंडळ नाही; म्हणून ती मोबाइलवर, ऑनलाइन खेळते. चौदा महिन्यांत तीन हजार आठशे डाव झाले. रेटिंग बाराशेच्या आसपास येऊन थांबले आहे. कधी बाराशे साठ, कधी अकराशे ऐंशी. वडील म्हणतात, पुढल्या वर्षी दहावी, हे खूळ आता बंद. आजोबा म्हणतात, मुलीत काहीतरी आहे. शेवटी त्यांनी लिहिले होते, “आपण तटस्थ आहात. डाव पाहून निवाडा द्यावा. आपण म्हणाल तसे करू.”

दहापैकी नऊ डाव हरलेले होते. दहावा जिंकलेला. त्याच्या समासात आजोबांनी तांबड्या शाईने लिहिले होते : ‘हा अवश्य पाहावा.’

निवाडा देण्याचा अधिकार कोणी असा हाती ठेवला की माणूस जरा सावध होतो. मी चार संध्याकाळी घालवल्या. डाव मोबाइलवर न पाहता जुन्या लाकडी पटावर मांडले. त्या पटातला एक काळा उंट हरवलेला आहे, त्याच्या जागी आमच्याकडे बाटलीचे बूच उभे असते. आमच्या घरातून विचारणा झाली, “परीक्षेचे पेपर तपासता आहात का?” एका अर्थी तसेच होते.

प्रथम त्या रेटिंगविषयी, कारण आजोबांचा पहिला प्रश्न तोच होता. बाराशे म्हणजे किती? खऱ्या स्पर्धेत त्याचे काय होईल? ही गुणांकनाची पद्धत आर्पाद एलो ह्या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाची. ते भौतिकशास्त्र शिकवीत. अमेरिकेच्या संघटनेने ती १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तिचा गाभा अगदी साधा आहे. दोघांच्या गुणांत दोनशेंचे अंतर असेल, तर वरच्या खेळाडूला शंभर डावांत सुमारे शहात्तर गुण मिळावेत. चारशेंचे असेल, तर सुमारे एक्क्याण्णव. अर्थात हा आकडा दोन खेळाडूंमधील अंतर सांगतो. एकट्या माणसाची उंची सांगत नाही. ऑनलाइन स्थळांनी ह्याच पद्धतीच्या सुधारलेल्या आवृत्त्या घेतल्या आहेत, पण प्रत्येकाची वस्ती निराळी. एका स्थळावर नवख्याला पंधराशेपासून आरंभ मिळतो, दुसऱ्यावर त्याहून पुष्कळ खालून. जागतिक महासंघाने तर मार्च २०२४ पासून आपली सर्वांत खालची पायरीच चौदाशेवर नेली. तेव्हा ह्या बाराशेचे त्या बाराशेत रूपांतर करू पाहणे म्हणजे इंदुरी शेराने बडोद्याचे गहू मोजण्यासारखे आहे.

दुसरी एक गोष्ट आजोबांच्या लक्षात आली नव्हती. त्यांनी कौतुकाने लिहिले होते की नातीने निम्मे डाव जिंकले आहेत. ते तसेच असणार! स्थळ तिच्यापुढे तिच्याच तोडीचा प्रतिस्पर्धी आणून बसवते. ती सुधारली की समोरचाही वरचा येतो, घसरली की खालचा. म्हणून जिंकल्या-हरल्याच्या संख्येवरून प्रगती कळत नाही. बरोबरीच्या खेळाडूकडून हरल्यास एका डावाला साधारण आठ गुण जातात; एका संध्याकाळी सात डाव ओळीने गेले की पन्नासांहून अधिक गुण गेले. झोपेअभावी गेलेले गुण आणि अज्ञानामुळे गेलेले गुण ह्यांत तो आकडा भेद करीत नाही. त्यासाठी डावच उघडावे लागतात.

मी नऊ डाव उघडले आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहिली : हा नेमका कोठे आणि कशाने गेला? उत्तरे पुढीलप्रमाणे आली. तीन डाव एकाच खड्ड्यात. चार डावांत एक मोहरा फुकट. एक डाव अगदी शेवटी, एका प्याद्याच्या घाईने. आणि एक डाव समोरचा खरोखर चांगला खेळला म्हणून. त्यात मुलीचा दोष नाही.

तो खड्डा पाहू. काळी मोहरी मुलीची. पांढरा ई४ खेळतो, ती ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. आता पांढरा घोडा जी५ वर उडी घेतो आणि एफ७ च्या दुबळ्या प्याद्यावर उंट व घोडा दोघांचा रोख लागतो. मुलगी योग्य तेच खेळते, डी५. पांढरे प्यादे ते मारते. इथे ती आपल्या घोड्याने डी५ वरचे प्यादे परत मारते आणि संकट ओढवून घेते. पांढरा घोडा एफ७ वर आपले बलिदान करतो, राजाला तो मारावा लागतो, मग वजीर एफ३ वर येऊन शह देतो. डी५ वरचा घोडा वाचवायचा तर काळ्या राजाला ई६ वर, म्हणजे भर चौकात, यावे लागते. यंत्र कदाचित तेथूनही तग धरील. चौदा वर्षांची मुलगी दहा मिनिटांच्या डावात धरणार नाही. हा हल्ला चारशे वर्षांपूर्वीच्या इटालियन खेळाडूंनाही ठाऊक होता. त्यावरचा उपाय एका ओळीचा आहे : पाचव्या खेळीला प्यादे न मारता सी६ चा घोडा ए५ वर नेऊन उंटाला हुसकावा. एक प्यादे जाते, पण राजा सुखरूप राहतो आणि मोहरी भराभर बाहेर येतात.

मला नवल वाटले ते निराळेच. हे तीन डाव तीन लागोपाठच्या आठवड्यांतले होते. प्रत्येक डावानंतर स्थळावरील यंत्राने तिला लाल खूण करून दाखवले होते की चूक इथे झाली. तिने ती खूण पाहिलीही होती. तरी पुढल्या आठवड्यात तीच चूक! दरम्यानच्या काळात तिने सिसिलियन बचावाच्या एका अतिशय गहन प्रकारावरचे सात तासांचे चित्रफीत-वर्ग पाहिल्याचे आजोबांनी अभिमानाने कळवले होते. आपल्या एकाही डावात तिच्यावर सिसिलियन खेळायची वेळ आलेली नव्हती.

फुकट गेलेल्या मोहऱ्यांचे चार डाव मला अधिक बोलके वाटले. ऑनलाइन डावांत एक फार मोलाची सोय असते : प्रत्येक खेळीला किती सेकंद लागले ह्याची नोंद राहते. आमच्या काळी हे कोणी लिहून ठेवीत नसे. ज्या खेळीवर मोहरा गेला, त्या चारही खेळ्या तीन सेकंदांच्या आत केलेल्या होत्या. डाव संपला तेव्हा चारही वेळा तिच्या घड्याळात निम्म्याहून अधिक वेळ शिल्लक होता. म्हणजे ती वेळ वाचवून हरली! समोरच्याने घोडा पुढे आणला, त्याने हत्तीवर डोळा ठेवला; मुलगी मात्र आपल्याच हल्ल्याच्या विचारात. समोरचा काही बोलतो आहे हे तिने ऐकलेच नाही.

ह्याच्या उलट मी आणखी एक मोजदाद केली. नऊ डावांत मिळून केवळ चार वेळा तिने एका खेळीवर मिनिटाहून अधिक विचार केला होता. त्या चारपैकी तीन खेळ्या त्या स्थितीतील सर्वांत चांगल्या होत्या. एक तर घोड्याचे बलिदान होते, जे मला स्वतःला पटावर चटकन दिसले नाही. आजोबांच्या ‘काहीतरी आहे’ ह्या म्हणण्याला मला सापडलेला पुरावा तो हाच. मुलगी बाराशेची नाही. विचार करते तेव्हा पंधराशेची आहे आणि विचार करीत नाही तेव्हा नऊशेची. स्थळ त्यांची सरासरी दाखवते.

शेवटच्या टप्प्यावर गेलेला डाव तर पाठ्यपुस्तकात घालावा असा. सर्व मोहरी मारली गेली होती. पांढरा राजा (मुलीचा) डी३ वर, तिचे एकुलते प्यादे ई२ वर. काळा राजा ई६ वर. खेळी तिची. घड्याळात चार मिनिटे वीस सेकंद. तिने दोन सेकंदांत प्यादे दोन घरे ढकलून ई४ वर नेले. प्यादे वजीर व्हायला निघाले आहे, मग त्याला पळवावे, असे कोणालाही वाटेल. परंतु तेथे विजय संपला. काळा राजा ई५ वर येऊन प्याद्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याला तेथून हुसकावणे शक्य नव्हते. वेळ फुरसतीने खेळण्यात जायला हवी होती, ती त्राग्यात गेली आणि तिचा ध्वज पडला. काळ्याकडे नुसता राजा उरला असता डाव बरोबरीत सुटला. पण बरोबरी झालेला हा डाव तिने स्वतः ‘हरलेला’ म्हणून पाठवला. मला ते आवडले.

तेथे राजा आधी चालायला हवा होता. राजा ई४ वर येताच दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल काळ्याची. तो डावीकडे सरला तर पांढरा राजा उजवीकडून पुढे घुसतो, उजवीकडे सरला तर डावीकडून. प्यादे मागे शांत उभे असते, आणि कधी एक चाल दवडायची वेळ आली तर तीही त्याच्यापाशी शिल्लक असते. जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले आणि प्यादेमातीला मोठा मान होता. त्यामुळे आजोबांच्या पिढीला प्याद्याची कदर असते. नातीने ती त्यांच्याकडून घ्यावी.

आता दहावा डाव.

तो मी मांडायला घेतला आणि दहाव्या खेळीपाशी थांबलो. बाराव्या खेळीला पुन्हा थांबलो. सतराव्या खेळीला पांढऱ्याने डी१ वरचा हत्ती काही कारण नसताना एक घर बाजूला, सी१ वर नेला होता. शह नाही, मारामारी नाही, धमकी नाही. त्या खेळीचे प्रयोजन मला कळायला वीस मिनिटे लागली. सहा खेळ्यांनंतर सी स्तंभ उघडणार होता आणि तेव्हा तो हत्ती आधीच तेथे उभा असणार होता. मी वेळेच्या नोंदी काढल्या. प्रत्येक खेळीला पाच ते नऊ सेकंद. ती अद्भुत हत्तीची खेळी : सात सेकंद. आणि पुढली खेळी, जेथे वजिराने वजीर मारला असता परत मारण्यावाचून दुसरे काही करण्याजोगेच नव्हते : आठ सेकंद. अशा जागी हीच मुलगी एरवी एका सेकंदात मारून मोकळी होते.

ज्यांना ह्या व्यवहाराची कल्पना नाही, त्यांच्यासाठी सांगतो. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ ह्या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला सामन्यात हरवले. तेव्हा ते यंत्र म्हणजे एक कपाटच होते. हल्ली त्याहून बलाढ्य यंत्र फुकटात मोबाइलमध्ये उतरते. मुले त्याला इंजिन म्हणतात. डावानंतर त्याचा सल्ला घेणे हा अभ्यास. डाव चालू असता घेणे ही लबाडी, आणि सापडल्यास ऑनलाइन स्थळे खाते बंद करतात. पकडण्याच्या खुणांपैकी एक हीच असते : सोपी खेळी आणि अवघड खेळी ह्यांना सारखाच वेळ. माणूस असा खेळत नाही.

मी तो कागद पालथा ठेवून बराच वेळ बसलो. समासातली तांबडी शाई डोळ्यांपुढून हलेना. आजोबांना लिहावे, तर त्यांच्या हातून नातीचे काय होईल कोण जाणे. न लिहावे, तर मागितलेला निवाडा मी खोटा देतो आहे. आणि मला हेही आठवत होते की १९७६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, मी पोस्टकार्डाने डाव खेळत असे. एका खेळीचे कार्ड जायला चार दिवस, उत्तर यायला चार. पुस्तक उघडायला मुभा होती. दुसऱ्या माणसाला विचारायला नव्हती. एका डावात मी अडलो आणि शेजारच्या, माझ्याहून पुष्कळ जाणत्या गृहस्थांना कार्ड दाखवले. त्यांनी बोटानेच एक हत्ती मागे नेऊन दाखवला. तो डाव मी जिंकलो. तो माझ्या वहीत आजही आहे. त्याच्यापुढे विजयाची खूण मी कधी केली नाही. समोरच्या गृहस्थांना कळवलेही नाही. ते आता हयात नाहीत.

शेवटी मी मुलीला स्वतंत्र पत्र लिहिले. नऊ डावांवर वर सांगितलेले सर्व सविस्तर लिहिले. दहाव्याविषयी एकच वाक्य : ‘सतराव्या खेळीला तू हत्ती सी१ वर का नेलास, ते मला कळव, मला ते समजायला वीस मिनिटे लागली.’

तीन आठवडे उत्तर नाही. मग एक आंतर्देशीय पत्र आले. मुलगी हिंदी माध्यमात शिकते. मराठी लिहायला आजोबांनीच शिकवलेले, म्हणून ‘चूक’ ऐवजी ‘गलती’ असे. ‘ती खेळी का केली ते मला माहीत नाही, कारण ती मी केली नाही’ असा तिने आरंभच केला होता. त्या रात्री सहा डाव ओळीने हरून रेटिंग बाराशेखाली गेले होते. भावाचा लॅपटॉप शेजारी उघडा होता. एकदाच पाहू, असे म्हणून तिने इंजिन लावले आणि मग डाव संपेपर्यंत थांबता आले नाही. जिंकल्यावर काही वाटले नाही, असेही तिने लिहिले आहे. नेमके तेव्हाच आजोबा खोलीत आले, त्यांनी डाव पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर सांगायचे कसे? शेवटी प्रश्न : ‘आजोबांना तुम्ही सांगाल की मी सांगू?’

मी उलट टपाली लिहिले, ‘तूच सांग. आणि ज्या स्थळावर खेळतेस त्यांनाही सांग. खाते गेले तर नवे उघडता येईल.’

पंधरा दिवसांनी आजोबांचे कार्ड आले. एवढेच : “कळले. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पट मांडला. आता आपला निवाडा काय?”

निवाडा मी दिला, तो आता येथे लिहितो. हे छापायला मुलीनेच सांगितले आहे. नाव नको, एवढीच तिची अट.

ही मुलगी मोठी किताबधारक होईल का, हे दहा डावांवरून कोणी सांगू नये आणि मीही सांगणार नाही. प्रज्ञानंदने आणि गुकेशने ग्रँडमास्टर हा किताब बाराव्या वर्षी मिळवला. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये, अठराव्या वर्षी, जगज्जेता झाला. त्या वाटेने जाणारी मुले चौदाव्या वर्षी कोठे असतात हे वडिलांनी जाणावे आणि तशी अपेक्षा मनात असल्यास काढून टाकावी. पण चांगला, स्वतःच्या डोक्याने खेळणारा खेळाडू होण्याजोगी बुद्धी तिच्यापाशी आहे, हे मी त्या चार खेळ्यांच्या भरवशावर लिहून देतो. खेळ बंद करू नये. तीन हजार आठशे डाव मात्र बंद करावेत. तीन आणि पाच मिनिटांचे डाव परीक्षा होईपर्यंत पूर्ण वर्ज्य. आठवड्यातून तीनच डाव, प्रत्येकाला पंधरा मिनिटे आणि दर खेळीला दहा सेकंद वाढीव, असे. ह्याला जास्तीत जास्त तीन तास लागतील. सध्या ती रोज दोन तास घालवते.

डाव संपल्यावर यंत्र लावायचे नाही. आधी वही. शंभर पानी साधी वही घ्यावी; डाव्या पानावर खेळ्या, उजव्या पानावर आपण काय विचार केला, कोठे घाबरलो, कोठे कंटाळलो, चूक कोठे झाली असे वाटते, हे आपल्या शब्दांत. ते लिहून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, यंत्राला विचारावे आणि तांबड्या शाईने उत्तर लिहावे. यंत्र चूक कोठे झाली हे अचूक सांगते; तिला तेव्हा काय वाटत होते हे त्याला ठाऊक नसते, आणि ती चूक पुन्हा होते ती त्या वाटण्यामुळे. १९४८ मध्ये जगज्जेता झालेला बोत्विन्निक आयुष्यभर आपल्याच डावांची कठोर चिकित्सा करीत असे, ती यंत्रावाचून.

कोडी रोज पाच, पण घड्याळ न लावता. त्यामागे एक शास्त्र आहे. द ग्रोट ह्या डच मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात थोर खेळाडूंना एखादी स्थिती काही सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली. त्यांनी ती जवळजवळ चुकीवाचून मांडली. नवख्यांना ते जमले नाही. पुढे १९७३ मध्ये चेस आणि सायमन ह्या अमेरिकन संशोधकांनी मोहरी वेड्यावाकड्या रीतीने पटावर विखरून तोच प्रयोग केला, तेव्हा थोरांचा वरचष्मा जवळपास नाहीसा झाला. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. ओळखीच्या रचनांचा साठा मोठा होता. तो साठा एकेक रचना समजून घेतल्याने वाढतो, घाईने उत्तर दाबल्याने नाही.

आणि रोज संध्याकाळी आजोबांशी एक डाव, लाकडी पटावर. तिथे समोरच्याने खेळी केली की नातीने मोठ्याने सांगायचे : “आजोबा, ही खेळी तुम्ही ह्यासाठी केलीत.” मग आपली खेळी करायची. आजोबांना हा प्रकार प्रथम पोरकट वाटला. आता ते मला कळवतात की आपण अशी खेळी का केली हे त्यांचे त्यांनाही कधी कधी नातीकडून कळते.

वडिलांनी हे सहामाहीपर्यंत मान्य केले आहे. गणिताचे गुण घसरल्यास करार रद्द.

गेल्या आठवड्यात सहा नवे डाव आले, वहीच्या पानांच्या छायाप्रतींसह. जुने खाते बंद झाले. नव्यावर रेटिंग अकराशे चाळीस आहे, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच. सहांपैकी चार हरलेले. एफ७ चा खड्डा दोनदा समोर आला. दोन्ही वेळा घोडा ए५ वर गेला आहे. एक मोहरा फुकट गेला, त्यापुढे उजव्या पानावर आहे : ‘शाळेत झालेल्या भांडणाचा विचार करत होते.’ सहाव्या डावात पुन्हा राजे आणि एकच प्यादे उरले. तेथे लिहिले आहे : ‘प्यादं ढकलणार होते. हात मागे घेतला. राजा पुढे.’ त्या खेळीला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद लागलेले आहेत.

ह्या महिन्याचे कोडे तिच्याच डावातून थोडे बदलून घेतले आहे. पांढरा राजा ई४, पांढरे प्यादे ई३, काळा राजा ई६. दुसरे काही नाही. खेळी पांढऱ्याची असल्यास निकाल काय? खेळी काळ्याची असल्यास काय? दोन्ही उत्तरे कारणांसह कळवावीत. नावे पुढील अंकात देऊ. उत्तरे यंत्राला न विचारता पाठवावीत, एवढे ह्या खेपेस लिहिणे भाग आहे. आणि डाव पाठवायचे असल्यास पूर्वीप्रमाणे हरलेलेच.